सामायिक सिरीयल पोर्टवरून सर्व्हर सांभाळताय? या चुका टाळा

सर्व्हरचा एकच सिरीयल पोर्ट (मजकूर पाठवण्या-घेण्याचा साधा पोर्ट) बायोस, बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टम चढवणारा प्रोग्राम), कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) आणि बीएमसी (सर्व्हर दुरून सांभाळणारी बोर्डावरची वेगळी चिप) आळीपाळीने वापरतात. ‘सिरीयल ओव्हर लॅन’मध्ये बीएमसी त्या पोर्टवरचा मजकूर उचलून नेटवर्कवरून तुमच्यापर्यंत पोहोचवतो. स्क्रीन कोरी दिसली की बहुतेक जण नेटवर्कला दोष देतात. पण बायोसचा मजकूर दिसत असेल, तर नेटवर्क ठीकच आहे. आधी पाहा, मजकूर नेमका कुठल्या टप्प्यावर थांबला.

लॉगिन प्रॉम्प्टऐवजी चित्रविचित्र अक्षरं आली, तर बॉड रेट, म्हणजे पोर्टाचा वेग, जुळत नाही. कर्नलला नुसतं पोर्टाचं नाव दिलं की तो ९६०० धरतो, आणि बीएमसी बहुधा १,१५,२०० वर असतो. वेग सगळीकडे स्पष्ट लिहा: बायोसमध्ये, ग्रब या बूटलोडरमध्ये, कर्नलच्या ओळीत (बूट होताना त्याला दिलेल्या सूचनांत) आणि बीएमसीतही. पोर्टाचा क्रमांकही तपासा. अनेक बोर्डांवर सामायिक पोर्ट दुसरा असतो, म्हणजे लिनक्समध्ये टीटीवायएस१; टीटीवायएस० ठेवून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. कर्नलच्या ओळीत अनेक कन्सोल (संदेश दाखवायच्या जागा) दिले असतील, तर शेवटचा मुख्य ठरतो. सिरीयल आधी आणि स्क्रीन नंतर लिहिली, तर कर्नलचे संदेश दिसतील, पण सेवा सुरू होतानाचे बरेचसे स्क्रीनकडे जातील. हा घोळ ओळखायला सर्वांत अवघड.

ग्रबचा मेनू दुहेरी दिसतोय? बायोस स्क्रीनची नक्कल पाठवतोय आणि ग्रबही स्वतः सिरीयलवर लिहितोय. दोघांपैकी एकालाच ठेवा.

टाइप केलेली अक्षरं मधूनच गायब होत असतील, तर त्या पोर्टावर दोन गेटी (लॉगिन प्रॉम्प्ट दाखवणारे प्रोग्राम) चालू आहेत का बघा. लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा सिस्टमडी कर्नल कन्सोलसाठी गेटी स्वतःच सुरू करतो. वर हाताने दुसरी लावू नका.

जोडणीच नाकारली गेली, तर जुनं सत्र बहुधा उघडंच राहिलंय. बीएमसीशी बोलणाऱ्या आयपीएमआयटूल या कमांडने ते आधी निष्क्रिय करा, पण सहकाऱ्याला विचारून! सत्रातून बाहेर पडायला टिल्ड (~) आणि टिंब दाबतात, मात्र दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या एसएसएचमध्येही तोच संकेत आहे. एसएसएचमधून आयपीएमआयटूल चालवत असाल तर टिल्ड दोनदा द्या, नाहीतर एसएसएच तुटेल आणि आतलं सत्र तसंच अडकून राहू शकेल.

कर्नल अडकल्यावर सिसआरक्यू (कर्नलला थेट आदेश द्यायची सोय) वापरायचं असेल, तर टिल्ड आणि मोठा बी देऊन ब्रेक हा सिरीयलवरचा खास संकेत पाठवा, आणि पुढची कळ पाच सेकंदांच्या आत दाबा. सिसआरक्यू चालू आहे का, हे सर्व्हर सुरळीत असतानाच पाहून ठेवा.