एपानेट मॉडेलमधील तुटलेले जोड कसे शोधावेत आणि दुरुस्त करावेत

नकाशावर दोन जलवाहिन्यांची टोके टेकलेली दिसली म्हणजे त्या जोडलेल्या आहेत, हा समज एपानेट या पाणीपुरवठा जाळ्यातील दाब आणि प्रवाह मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करताना आधी सोडावा. हे सॉफ्टवेअर जोड ओळखते ते केवळ प्रत्येक वाहिनीच्या आरंभ आणि अंत नोडच्या, म्हणजे टोकांवरील जोडबिंदूंच्या, नावावरून. रेषा कुठून कशी जाते, याचा त्याच्या गणिताशी संबंध नसतो. त्यामुळे मुख्य वाहिनीच्या मध्यावर येऊन थांबलेली शाखा पडद्यावर कितीही नेटकी दिसली, तरी तेथे सामाईक नोड नसेल तर त्या जागेतून तिला पाणी मिळत नाही.

मूळ फाइलची प्रत ठेवून नकाशा मीटरमधील निर्देशांक-प्रणालीत आणावा. महाराष्ट्रात ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेस यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीचा ४३ उत्तर आणि पूर्वेस ४४ उत्तर हा विभाग लागतो. नकाशा अंशांतच राहिला असेल, तर ०.५ ही जोडमर्यादा (म्हणजे जितक्या अंतरापर्यंतची टोके एकत्र जोडायची ते अंतर) अर्धा मीटर न ठरता सुमारे ५५ किलोमीटर ठरते.

पुढे तुटलेले भाग शोधावेत. ‘त्रुटींचे संदेश पाहून दुरुस्ती करा’ हा नेहमीचा सल्ला अपुरा आहे. त्रुटी २३३ फक्त एकही वाहिनी न लागलेला नोड दाखवते. आपापसांत जोडलेल्या, पण टाकीपासून तुटलेल्या वाहिन्यांचा गट त्रुटी ११० (जाळ्याची समीकरणे सुटत नाहीत) किंवा खंडित जाळ्याचा इशारा देऊ शकतो. मात्र हा इशारा पाण्याची मागणी असलेल्या नोडपुरता असतो, म्हणून मागणी शून्य असेल तर तो गट नजरेतून निसटतो. यासाठी पायथॉनमधील डब्ल्यूएनटीआर आणि नेटवर्कएक्स या मोफत लायब्ररी वापरून जाळ्याचे सलग गट काढावेत आणि ज्या गटात टाकी किंवा जलस्रोत नाही, तो प्रत्येक गट तपासणीस घ्यावा.

खरी कसोटी यापुढे लागते: कोणती टोके जोडायची आणि कोणती नाही. जोडमर्यादा वाढवत नेऊन सर्व गट एका फटक्यात जुळवण्याचा मोह होतो, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. राहून गेलेला जोड दाब कोसळवून किंवा इशारा देऊन बहुधा स्वतःच समोर येतो. चुकीने घातलेला जोड मात्र कोणताही इशारा देत नाही. माझ्याकडे तपासणीस आलेल्या एका मॉडेलमध्ये पंपगृहापासून उंच टाकीकडे जाणारी ऊर्ध्ववाहिनी त्याच रस्त्याने जाणाऱ्या वितरणवाहिनीला अशा रीतीने चिकटली होती. पंपाचा दाब थेट वस्तीत पोहोचत होता, टाकी भरत नव्हती, आणि तरीही सर्व नोडवरचा दाब उत्तम दिसत असल्याने ते मॉडेल योग्य मानले गेले होते.

म्हणून मी आपोआप होणारी जोडणी ०.१ मीटरपर्यंतच्या आणि केवळ टोकाला टोक मिळणाऱ्या जागांपुरती ठेवतो. एक मीटरपर्यंतच्या उरलेल्या जागांची यादी काढून प्रत्येक जागा नकाशावर पाहतो. एकमेकांना छेदणाऱ्या वाहिन्या तर कधीही सरसकट जोडू नयेत, कारण जमिनीखाली त्या अनेकदा वेगवेगळ्या खोलीवरून जातात. व्यास, वाहिनी टाकल्याचे वर्ष आणि जवळचा व्हॉल्व्ह-चेंबर पाहूनही शंका उरली, तर त्या भागातील व्हॉल्व्हमनना विचारावे. कोणता व्हॉल्व्ह बंद केल्यावर कोणत्या गल्लीचे पाणी जाते, हे त्यांना जितके अचूक ठाऊक असते तितके अनेकदा नकाशातही नसते.

टोके जुळत असतील तर दोन नोड एकत्र करावेत, मध्ये तुकडा घालू नये. एपानेटमध्ये आपोआप लांबी मोजण्याची सोय मुळात बंद असते, त्यामुळे दोन मीटरच्या तुकड्याला १००० मीटर ही ठरीव लांबी मिळते. ठरीव व्यास १२ असतो, आणि मेट्रिक एककांत तो १२ मिलिमीटर होतो. शाखेसाठी मुख्य वाहिनी दुभागली, तर दोन्ही भागांच्या लांबीची बेरीज मूळ लांबीइतकी ठेवावी आणि मूळ वाहिनीवरील किरकोळ दाबहानीचा (वळणे, व्हॉल्व्ह अशा जागी घटणाऱ्या दाबाचा) गुणांक दोन्हींकडे उतरू देऊ नये.

त्यानंतर गटांची यादी पुन्हा काढावी. बंद व्हॉल्व्ह मात्र या यादीत दिसत नाहीत, कारण तेथे जोड असतो आणि फक्त प्रवाह थांबलेला असतो. म्हणून प्रत्येक बंद वाहिनी आणि व्हॉल्व्हची स्थिती प्रत्यक्ष जागेवरील स्थितीशी स्वतंत्रपणे ताडून पाहावी.