माफाक ब्रेक किंचाळतोय? आधी पॅड बघा

जुन्या फ्रेंच सायकलीवर माफाक या फ्रेंच कंपनीचा 'रेसर' ब्रेक असेल तर तो घाईने काढून टाकू नका. ब्रेकचे दोन्ही हात आपापल्या खिळीवर (फिरण्याच्या आसावर) फिरतात आणि वरची आडवी केबल दोघांना सारखंच ओढते. ब्रेक नीट बसवला असेल तर चांगलाच धरतो. दिसतोही देखणा, हे वेगळं.

बोंब असते ती किंचाळण्याची. पन्नास वर्षांचे पॅड, म्हणजे रिमवर दाबले जाणारे रबरी ठोकळे, दगडासारखे कडक झालेले असतात, ते आधी बदला. मग पॅड धरणारा बोल्ट ढिला करा, पॅडच्या मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाचा तुकडा ठेवा, ब्रेक दाबून धरा आणि बोल्ट आवळा. आता पुढचं टोक रिमला आधी टेकेल. आवळताना पॅड हमखास फिरतो, म्हणून दुसऱ्या हाताने तो घट्ट धरा. माझा तर तिसऱ्या खेपेला बसला!

वाइनमान या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या ब्रेकमध्ये पॅड असा तिरका करता येत नाही. तिथे पॅडचं मागचं टोक कानसीने किंचित घासायचं.

खिळींना तेलाचा एकेक थेंब पुरे. रिमवर मात्र तेल नको. एवढं करूनही ब्रेक मऊ वाटला तर हँडलखालची, केबल धरणारी पट्टी बघा. दाबताना ती वाकत असेल तर जाड पट्टी लावा.