लेझरखाली माल ठेवण्याआधी

लेझर एनग्रेव्हिंगला बसल्यावर सगळे आधी पॉवर किती ठेवायची ते विचारतात. त्याआधी समोरचा माल कशाचा आहे, हे पक्कं करा. प्लॅस्टिक असेल तर ते कळल्याशिवाय मशीन सुरूच करू नका. पीव्हीसी, व्हिनाइल आणि पीव्हीसीचा थर असलेलं नकली चामडं लेझरने जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक असतो, आणि हवेतल्या ओलाव्यात मिसळून त्याचं आम्ल झालं की मशीनच्या रेल, बेअरिंग, लेन्स सगळं खराब होतं. एक्झॉस्ट कितीही जोरदार असला तरी यात सूट नाही.

शंका असेल तर तांब्याची तार पक्कडीत धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, गरम टोक त्या प्लॅस्टिकला जरासं टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर बहुधा त्यात क्लोरीन आहे. तो तुकडा बाजूला टाका. ही चाचणी उघड्यावरच करा आणि तो धूर श्वासात जाऊ देऊ नका.

मग आपला लेझर त्या मालावर चालतो का ते बघा. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरची तरंगलांबी साधारण 10.6 मायक्रोमीटर, लाकूड, अ‍ॅक्रिलिक, काच, चामडं ती शोषून घेतात. निळा डायोड लेझर 450 नॅनोमीटरच्या आसपास असतो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून तो आरपार जातो आणि खालचा बेड भाजतो, म्हणून वर काळ्या रंगाचा थर द्यावा लागतो. धातूवर थेट खुणा करायला 1064 नॅनोमीटरचा फायबर लेझर सोयीचा. अ‍ॅनोडाइज्ड (वर रंगीत ऑक्साइडचा थर चढवलेल्या) अ‍ॅल्युमिनियमचा रंग मात्र सीओटूनेही छान उडतो. गॉगलही आपल्या तरंगलांबीचाच हवा; एकाचा गॉगल दुसऱ्या लेझरला चालत नाही.

अ‍ॅक्रिलिक घेताना कास्ट (साच्यात ओतलेलं) की एक्सट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेलं), हे दुकानातच विचारून घ्या. कास्टवर अक्षरं पांढरी, दुधी उमटतात. एक्सट्रूडेड वितळतं, अक्षरांच्या कडा चिकट होतात आणि मजकूर नीट दिसतच नाही. नुसतं बघून दोन्हीतला फरक कळणं कठीण, म्हणून उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर मार्करने प्रकार लिहून ठेवायची सवय लावा. माझ्या मते या कामातली सगळ्यात फायद्याची सवय हीच.

काचेला उष्णता एका जागी साठली की कपच्या उडतात. पॉवर कमी ठेवा आणि वर ओला टिश्यू पेपर लावा. तो बोटाने दाबत दाबत सगळे बुडबुडे बाहेर काढा. जिथे बुडबुडा राहील तिथली अक्षरं वेगळी दिसतील. टफन्ड काच घेऊच नका, ती क्षणात चुरा होऊ शकते.

लाकडात गाठी आणि रेषा असतात, त्यामुळे एकाच फळीवर रंग कमीजास्त उमटतो. प्लायवूडमध्ये खोल गेलात तर मधला डिंक लागतो आणि काळे डाग पडतात. धुराचा पिवळेपणा नको असेल तर आधी कागदी मास्किंग टेप लावा. चामडं व्हेजिटेबल टॅनिंगचं, म्हणजे झाडांच्या सालीसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेलं निवडा. क्रोम टॅनिंगच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याच्या धुरात क्रोमियमची घातक संयुगं असू शकतात.

यानंतर सेटिंगकडे वळा. त्याच शीटच्या कोपऱ्यावर वेग आणि पॉवर बदलत छोट्या चौकटींची जाळी काढा. दुसऱ्याच्या मशीनचे आकडे नुसते सुरुवातीला धरायचे, कारण लेझरची ट्यूब जुनी झाली की तीच टक्केवारी कमी शक्ती देते. फोकस मालाच्या पृष्ठभागापासून मोजा. शीट वाकलेली असेल तर कडा आधी दाबून बसवा. रेझोल्यूशन उगाच वाढवू नका. 254 डीपीआयला (म्हणजे एका इंचात 254 ओळी) दोन ओळींत 0.1 मिमी अंतर पडतं आणि बऱ्याच लेन्सचा ठिपका साधारण तेवढाच असतो. 1000 डीपीआय दिलं तर किरण त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरतो: लाकूड कोळशासारखं होतं, अ‍ॅक्रिलिक वितळतं.

काम सुरू असताना मशीन सोडून जाऊ नका, फोन आला तरीही. सीओटूचं अग्निशामक हाताशी ठेवा. काम झाल्यावर अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलने पुसू नका, लेझर लागलेल्या कडांना बारीक तडे जातात. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरतं.