जुन्या पिकअपची गंजलेली डिझेल टाकी: साफ कशी करायची आणि बदलायची कधी

नवा फिल्टर टाकला तरी थोड्याच दिवसात गाडी चढाला परत दम सोडते आणि फिल्टरच्या बाऊलमध्ये तपकिरी गाळ नि पाणी दिसतं, तर फिल्टरला दोष देऊ नका, टाकी आतून गंजलीय. पंप, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) खोलायचा खर्च करायच्या आधी टाकी उतरवा.

आपल्याकडं हे जास्त होतं त्याला कारणं आहेत. 2005, 2019, 2021 च्या पुरात सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, तेव्हा हवेच्या पाईपातून पाणी टाकीत शिरलं, आणि पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळं ते तळाशी जाऊन बसतं, वरून डिझेल कितीही भरा. पूर लागला नसला तरी अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर थेंब होऊन साचतो. बाहेरून म्हणाल तर उसाच्या फडातला चिखल टाकीच्या पट्ट्याखालच्या रबरात अडकतो आणि ते रबर महिनोन्‌महिने ओलं राहतं, म्हणून पहिलं भोक बहुतेक पट्ट्याखालीच पडतं.

टाकी उतरवण्यात काही विशेष नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, डिझेल कॅनमध्ये घ्या, पाईप कुठला कुठं लागतो त्याचा मोबाईलवर फोटो काढा, खाली जॅक आणि फळी लावून पट्टे सोडा. पट्ट्याच्या बोल्टांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, नाहीतर तुटतात. फ्लोट (डिझेल किती आहे ते दाखवणारा टाकीतला भाग) काढून बाजूला ठेवा.

आता पत्रा बघा. पट्ट्याखाली आणि तळाच्या शिलाईवर (पत्र्याच्या जोडावर) स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक आत जातंय किंवा पत्रा करकरून दबतोय तर साफसफाईच्या नादाला लागू नका, टाकी बदला. साबण चोळणं, एम-सील लावणं हे गाडी घरापर्यंत आणायला ठीक आहे, त्याच्यावर द्राक्षाचा माल भरून मुंबईला निघायचं नाही.

आणि वेल्डिंग तर अजिबात नको. "डिझेल आहे, पेट्रोल नाही, काय होत नाय" असं सांगणारे गावोगाव भेटतात. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात फ्लॅश पॉईंट, म्हणजे ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते, किमान 35 अंश सेल्सिअस धरलाय, आणि मे महिन्यात उन्हात ठेवलेला पत्रा त्याच्या कितीतरी वर तापतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. धुतल्यावरही शिलाईच्या फटीत डिझेल राहतं आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याची परत वाफ होते. हे काम करताना माणसं गेलीत. शेगडी, बिडी, ग्राइंडर काही जवळ नको, आत बघायला साधी एलईडी टॉर्च वापरा. आणि गाडी पेट्रोलची असेल तर पुढचं काहीच घरी करू नका.

पत्रा शाबूत असेल तर आता खरं काम, आणि सगळ्यात जास्त टाक्या इथंच वाया जातात. मलाही हे नीट बसायला वेळ लागला, म्हणून सविस्तर सांगतो.

लोक डायरेक्ट अ‍ॅसिड ओततात. गंजावर डिझेलचा तेलकट थर असतो, त्याच्यावर अ‍ॅसिड काही करत नाही, नुसतं घसरून जातं. आधी गरम पाणी आणि कपड्याची पावडर घालून टाकी हलवा, ओता, परत घाला, जोपर्यंत निघणाऱ्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसतो तोपर्यंत थांबायचं नाही. मग साबणाचं पाणी आत ठेवूनच साखळी घाला आणि टाकी सगळ्या बाजूंनी खुळखुळवा. खडी किंवा सुटे नट टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, टाकीत आडवे पत्रे असतात, त्यांच्या मागं एखादा नट अडकला की तो निघत नाही. एकच सलग साखळी घ्यायची, तिच्या टोकाला तार बांधून ती तार तोंडाबाहेर ठेवायची. सुरवातीला काळं पाणी येतं, मग चहाच्या रंगाचं, मग पापुद्रे पडायचे थांबतात.

त्यानंतर अ‍ॅसिड, आणि तेही फॉस्फरिक. संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक स्वस्त मिळतं म्हणून ओतू नका, ते चांगला पत्रासुद्धा खातं आणि शिलाईत राहिलेला अंश पुढं परत गंज धरतो. फॉस्फरिक पातळ करताना पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, उलटं कधीच नाही. हातमोजे, चष्मा, उघड्यावर काम. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन तयार होतो आणि तोही पेटतो. थोड्या थोड्या वेळानं टाकी कुशीवर वळवत राहा. पत्रा राखाडी दिसायला लागला की काढा.

आता घाई करायची ती इथं. अ‍ॅसिड काढून साध्या पाण्यानं धुतलेला उघडा पत्रा तुमच्या डोळ्यांसमोर, चहा पिऊन येईपर्यंत नारिंगी होतो. म्हणून सगळी तयारी आधीच करून ठेवा. खायचा सोडा घातलेलं गरम पाणी फिरवायचं, लगेच गरम साधं पाणी, लगेच ओतून टाकी उलटी करायची आणि कंप्रेसरची हवा सोडायची. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढून घ्या, नाहीतर तुम्ही परत पाणीच मारताय. आडव्या पत्र्यांच्या कोपऱ्यात हवा नीट पोचली पाहिजे. पूर्ण सुकली की त्याच क्षणी स्वच्छ डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून आत ओता आणि टाकी सगळीकडं फिरवा. हे काम पावसाळ्यात काढूच नका, जुलैच्या दमट हवेत टाकी सुकत नाही.

टाकीच्या आत एपॉक्सी कोटिंग करावं का? डिझेलच्या टाकीला मी नको म्हणतो. कुठं जरी ओल किंवा तेल राहिलं तरी पुढं पापुद्रे सुटतात आणि थेट डिझेल ओढणाऱ्या पाईपच्या जाळीत अडकतात. साधा ऑइल पेंट तर डिझेलमध्ये विरघळतो.

नवी टाकी घेताना आतून जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याची बनवून घेऊ नका, जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होते आणि तो चिकट साका नोझलपर्यंत जातो. भंगारातली घ्यायची तर टॉर्च मारून आधी तळ बघा.

बसवायच्या आधी सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपानं हलकी हवा भरा आणि शिलाईवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. कंप्रेसर लावू नका, टाकी फुगते. पट्ट्याखाली नवं रबर, पाईप नवे, क्लिपा नव्या.

फिल्टर नवा टाका, डिझेल पुढं ढकलायचा हँड पंप घट्ट होईपर्यंत मारा आणि पाईपात अडकलेली एअर फिल्टरच्या नटातून काढा. जुन्या साध्या पंपाच्या गाडीत नोझलचे नट ढिले करून एअर काढतात, पण सीआरडीआय (जास्त दाबाच्या कॉमन रेल इंजिनाच्या) गाडीत ते चुकूनही करू नका, तिथं प्रेशर हजार बारच्या पुढं असतं आणि डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

पहिली टाकी संपेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी बाऊलमधलं पाणी काढून बघा. थोडा गाळ येईलच, मग अजून एकदा फिल्टर बदला, आणि पावसाळाभर गाडी रात्री लावताना टाकी भरलेली ठेवा.