फाबर्जेची मीनाकाम केलेली सिगारेट केस कशी पारखावी

फाबर्जे या झारकालीन रशियन जवाहिऱ्याच्या पेढीची म्हणून सोन्याची जुनी सिगारेट केस हातात आली की बहुतेकांची नजर आधी शिक्क्यांवर जाते. शिक्के शेवटी पाहा. खोटा शिक्का ठोकणे सोपे. फाबर्जेसारखी बिजागरी आणि मीना, म्हणजे धातूवर भाजून बसवलेला काचेचा रंग, उतरवणे फार कठीण.

सुरुवात खटक्यापासून. त्यावर बहुधा गोलसर घासलेला नीलम किंवा बारीक हिरे असतात. झाकण न अडखळता उघडावे, खुळखुळू नये. बंद केल्यावर सांध्यावरून नख फिरवा. ते अडकले तर बिजागरी बदललेली असू शकते, किंवा काम मुळातच हलक्या हाताचे आहे.

मग १० पटीचे भिंग आणि तिरका उजेड. पारदर्शक मीनेखाली यंत्राने कोरलेल्या लाटा किंवा किरण असतात. रेघांच्या कडा धारदार हव्यात. बोथट दिसल्या तर नक्षी साच्यात दाबलेली समजा. मीनेचे थर एकावर एक देऊन प्रत्येक वेळी भट्टीत भाजलेले असतात, म्हणून केस तिरकी केली की रंग आतून हलतो. वरवरचा लाखेसारखा रंग तसा हलत नाही.

टवके बहुधा कोपऱ्यांवर उडतात, कारण धक्का आधी तिथेच बसतो. राळेने भरलेला टवका साध्या उजेडात बेमालूम दिसला तरी अतिनील दिव्याखाली बाकीच्या मीनेपेक्षा वेगळा चमकतो. भेग दिसली म्हणून केस पुन्हा भट्टीत घालू नका, भेग वाढते. साफसफाईचे अल्ट्रासोनिक यंत्र आणि सोन्याचा कस पाहण्याचे ॲसिड दोन्ही वर्ज्य. कोरडे मऊ कापड पुरे.

आता शिक्के. ५६ म्हणजे ९६ भागांत ५६ भाग सोने, १४ कॅरेट. ७२ म्हणजे १८. सेंट पीटर्सबर्गचा जुना शिक्का दोन नांगर आणि राजदंडाचा. साधारण १८९९ पासून शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचे डावीकडे पाहणारे मस्तक आले, १९०८ पासून ते उजवीकडे वळले. केसवर कारागिराची आद्याक्षरेही असतात. फाबर्जेचे मुख्य कारागीर मिखाइल पेरखिन १९०३ मध्ये वारले आणि हेन्रिक विगस्ट्रॉम त्यांच्या जागी आले. त्यामुळे पेरखिनच्या आद्याक्षरांशेजारी उजवे मस्तक दिसले, किंवा विगस्ट्रॉमच्या शेजारी नांगर, तर तिथेच थांबा. दोन्ही शिक्के एकेकटे अस्सल वाटतात. फसगत होते ती याच जोडीत.

मालकाची कथा अगदी शेवटी, कारण किंमत तीच फुगवते. पुरावा कसा असावा याचा नमुना म्हणून मॉस्कोत १९०८ साली बनलेली निळी केस पाहा. हिऱ्यांचा साप गुंडाळलेली ही केस ॲलिस केपेल यांनी आपले प्रियकर, ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांना दिली. राजाच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी राणी अलेक्झांड्रांनी ती केपेलना परत केली, १९३६ मध्ये केपेलनी ती राजाच्या सून राणी मेरींना दिली. आज ती ब्रिटिश राजसंग्रहात आहे. प्रत्येक हस्तांतर माहीत आहे. ‘एका श्रीमंत घराण्याकडची’ एवढेच विक्रेता सांगत असेल, तर त्या कथेचे पैसे मोजू नका.

आतल्या बाजूला ओरखडल्यासारखा बारीक साठा-क्रमांक, म्हणजे पेढीने मालाला दिलेला नंबर, शोधा. सगळ्याच केसवर तो नसतो. असला, तर तो कधीही पॉलिश करू नका. फाबर्जेच्या लंडन शाखेच्या १९०७ ते १९१७ च्या विक्रीवह्या टिकून आहेत. माल तिथून विकला गेला असेल, तर क्रमांकावरून वस्तूचे वर्णन आणि गिऱ्हाईक सापडू शकते. वहीत जांभळी मीना लिहिली असेल आणि तुमची केस हिरवी, तर क्रमांक नंतर कोरलेला धरा.