युरोपातील गांजाचे क्लब : पर्यटकाने काय तपासावे

जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांसाठी गांजावरील सरसकट बंदी उठवली, तेव्हापासून युरोपात सारे काही खुले झाले आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पर्यटकासाठी बहुतेक दरवाजे बंदच आहेत, आणि ते नेमके कुठे बंद आहेत हे तिकीट काढण्यापूर्वीच समजून घेतले पाहिजे.

क्लब म्हणजे दुकान नव्हे. ती सभासदांची ना-नफा संस्था असते. सभासद मिळून लागवड करतात आणि पीक आपसांतच वाटून घेतात. म्हणून सर्वांत आधी तपासायची गोष्ट म्हणजे सदस्यत्वासाठी लागणारी वास्तव्याची अट. जर्मनीत क्लबचे सभासद जास्तीत जास्त ५००, आणि सभासदाचे घर किंवा किमान सहा महिन्यांचे नित्य वास्तव्य त्या देशात असावे लागते. तिथे शिकणारा मराठी विद्यार्थी या अटीत बसू शकतो. पंधरा दिवसांच्या सहलीवर आलेले त्याचे आईवडील किंवा मित्र बसत नाहीत. माल्टातील क्लबही रहिवाशांसाठीच आहेत.

जर्मनीच्या कायद्यात पर्यटकाला चकवणारी एक जागा आहे. सार्वजनिक ठिकाणी २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगणे प्रौढ व्यक्तीसाठी गुन्हा नाही, परंतु विक्रीची दुकाने नाहीत आणि क्लबमध्ये प्रवेश नाही. म्हणजे पर्यटकाला तो विकत घेण्याचा वैध मार्गच उरत नाही. रस्त्यावर जो विकतो तो बेकायदाच विकतो. शिवाय शाळा आणि खेळाची मैदाने यांच्या प्रवेशद्वारापासून १०० मीटरच्या आत, त्यांच्या दृष्टिपथात, तसेच पादचारी भागात सकाळी ७ ते रात्री ८ या वेळेत सेवनास मनाई आहे. भाड्याची गाडी चालवणार असाल तर रक्तद्रवातील टीएचसीची (गांजातील नशा आणणाऱ्या घटकाची) मर्यादा प्रति मिलिलिटर ३.५ नॅनोग्रॅम आहे, हे लक्षात ठेवा.

सर्वाधिक गोंधळ स्पेनबाबत होतो. तिथे खाजगी जागेतील वैयक्तिक सेवन गुन्हा ठरत नाही, आणि बार्सिलोनाचे क्लब याच फटीत उभे राहिले. मात्र २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही फट बरीच अरुंद केली आणि क्लबना आधार देणारा कातालोनियाचा (बार्सिलोना ज्यात आहे त्या प्रांताचा) कायदा घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवला. त्यामुळे क्लबचा दरवाजा उघडा दिसला म्हणून त्यामागे कायद्याचे भक्कम पाठबळ आहे असे मानू नये. क्लबमधून खिशात घालून रस्त्यावर आलात, तर २०१५ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याप्रमाणे ६०१ ते ३०,००० युरो दंड होऊ शकतो. रस्त्यात गाठून सदस्यत्व देऊ करणाऱ्याच्या मागे कधीही जाऊ नका.

नेदरलँड्समधील कॉफीशॉप म्हणजे गांजा विकणारे दुकान; तो क्लब नव्हे. तिथे ५ ग्रॅमपर्यंतची विक्री सरकार केवळ चालवून घेते. मास्त्रिख्तमध्ये मात्र देशातील रहिवाशांनाच प्रवेश मिळतो. अॅमस्टरडॅमच्या जुन्या रेड लाइट भागात मे २०२३ पासून रस्त्यावर गांजा ओढण्यास बंदी आहे.

परतीचा प्रवास सर्वांत जोखमीचा आहे. शेंगेन देशांच्या (आपसांत सहसा सीमातपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या) आपसांतील सीमेवर सहसा कोणी थांबवत नाही, तरीही गांजा घेऊन सीमा ओलांडणे हा गुन्हाच आहे. विमान दुबई किंवा अबूधाबीमार्गे असेल तर अधिक सावध राहा, कारण तिथे रक्तात आढळलेला अंशही बाळगल्यासारखाच धरला जातो. भारताचा १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा परदेशातील भारतीय नागरिकांनाही लागू आहे, आणि देशात गांजा आणल्यास कलम २३ खाली कारावास होऊ शकतो. होळीला मिळणाऱ्या भांगेवरून अंदाज बांधू नये : ती निव्वळ पानांची असते आणि पाने या कायद्यातील गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत, तर क्लबमध्ये मिळतात ती फुले थेट त्या व्याख्येत येतात. गांजा घातलेली चॉकलेटे आणि गमी गोळ्या खाऊ म्हणून बॅगेत राहून जातात, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री बॅगेचा प्रत्येक कप्पा आणि कोटाचे खिसे स्वतः रिकामे करून पाहा.

ज्या देशात जात आहात तिथल्या भारतीय वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून पारपत्रापासून वेगळा ठेवा. अटक झाल्यास वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा अधिकार १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे; ती मागणी पहिल्याच चौकशीत स्पष्ट शब्दांत करा, आणि न समजणाऱ्या भाषेतील कागदावर दुभाषी येईपर्यंत सही करू नका.