‘वीक’ला मराठीत काय म्हणावं?

फोंड्यात बसून मी इंग्रजीतून मराठीत आलेली भाषांतरं तपासतो. मध्यंतरी एका हॉटेलच्या पत्रकात ‘दुर्बल चहा’ सापडला. ज्यानं लिहिला तो रोज सकाळी गाड्यावर उभा राहून चहा पितो आणि पाणी जास्त झालं की ‘आज पाणचट झालाय’ म्हणून चहावाल्याला ऐकवतोही. पण कागदासमोर बसला आणि शब्दकोशातला पहिला शब्द उचलून मोकळा झाला. ‘वीक’ या शब्दापायी असं वरचेवर होतं, म्हणून माझी पद्धत सांगतो.

आधी ‘वीक’कडे बघूच नका. तो कशाला लावलाय ते बघा, आणि ती वस्तू चांगली असती तर आपण काय म्हटलं असतं ते आठवा. चहा कडक असतो, म्हणून तो नसला की पाणचट. मुलगा गणितात पक्का असतो, नाहीतर कच्चा. भिंत भक्कम, नाहीतर कमकुवत. आवाज खणखणीत, नाहीतर क्षीण. युक्तिवाद बिनतोड, नाहीतर लंगडा. दिवा प्रखर, नाहीतर मिणमिणता. नजरेला मात्र ‘अधू’ हा स्वतःचा शब्द आहे. निम्मं काम इथंच संपतं.

ही युक्ती मला हुर्राकनं शिकवली. काजूबोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. इंग्रजीत हुर्राकला फेणीपेक्षा ‘वीक’ म्हणतात, आणि एकानं त्याची ‘कमकुवत दारू’ केली होती. गिऱ्हाईक वाचेल तर म्हणेल, पाणी घातलंय! फेणी कडक, तर हुर्राक सौम्य. त्यात कमीपणा कसला? उन्हाळ्यात लोक तिचीच वाट बघतात.

दुसरं म्हणजे, विशेषणाला विशेषणच हवं असा हट्ट धरू नका. मराठीत हे काम बरेचदा क्रियापद करतं. रुपया घसरतो, पाय लटपटतात, फोनला रेंज मिळत नाही. एखाद्याचा ‘वीकनेस’ मासे असतील तर ‘बांगडा दिसला की त्याचं काही चालत नाही’ असं लिहा. पावसाचं तेवढं जपून. बातमीत ‘पाऊस ओसरला’ म्हणजे आधी तो जोरात होता. हवामान खात्याच्या भाषेत मात्र ‘वीक’ मान्सूनला माप आहे : सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस. तिथं ‘मान्सून कमजोर’ एवढंच लिहावं.

तिसरी पायरी परिभाषेची. ठरलेला शब्द असेल तिथं आपली प्रतिभा बाजूला ठेवायची. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनं १० टक्के आरक्षणाची वाट मोकळी झाली, ती ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकां’साठी. तिथं ‘गरीब’ लिहिलंत तर अर्थ कळेल, पण अर्ज भरणारा गोंधळेल.

रसायनशास्त्रात तर अक्षरशः पाय घसरतो, कारण तिथं ‘वीक’ म्हणजे पातळ नव्हे. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर घ्या. त्यातल्या ॲसिटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी जेमतेम चार-पाच रेणूंचं विघटन होऊन आयन बनतात, बाकीचे अखंड राहतात. म्हणून ते सौम्य आम्ल. पाणी काढून ते कितीही संहत केलंत तरी सौम्यच राहणार. उलट हायड्रोक्लोरिक आम्लात बादलीभर पाणी ओता, ते विरल होईल, पण गणना तीव्र आम्लातच. सौम्य–तीव्र ही एक जोडी, विरल–संहत ही दुसरी. दोन्हीकडे ‘कमजोर’ लिहिणाऱ्याचा कागद मी परत पाठवतो.

बोलण्यातला ‘वीकनेस’ मात्र खुशाल राहू द्या. कथेतली बाई डॉक्टरला ‘वीकनेस वाटतो हो’ असंच म्हणणार. तिच्या तोंडी ‘दौर्बल्य’ घातलंत तर ती आपल्या वाड्यावरची राहणार नाही.

शेवटी, मजकूर कोण वाचणार आणि वाचून काय करणार, ते विचारा. पक्षाघाताच्या लक्षणांचं एक पत्रक माझ्याकडे आलं होतं. मूळ इंग्रजीत शरीराच्या एका बाजूला अचानक येणारा ‘वीकनेस’ होता, मराठीत नुसता ‘अशक्तपणा’. शब्दकोशाप्रमाणे बरोबर. पण अशक्तपणा आला की आमच्याकडची माणसं वाटीभर पेज पितात आणि पडून राहतात. या दुखण्यात तर मिनिटामिनिटाला मेंदूच्या पेशी मरत असतात. मी तो शब्द खोडला आणि लिहिलं : ‘एका बाजूच्या हातापायांतला जोर अचानक जाणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं.’ आणि त्याच ओळीत, ठळक अक्षरांत, १०८.